सिल्व्हरचेअर आणि ‘अस्सल अनुभव’

पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास भेटते : ‘कवीने आपल्या अस्सल अनुभवाला शब्दरूप दिले आहे.’ हे वाक्य कोणत्याही कवीविषयी लिहिता येते आणि त्याला गुणही मिळतात. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे वाक्य त्यांनी आमच्याकडूनच उचलले, आणि आम्ही सर्व अध्यापकांनी ते आमच्या आधीच्यांकडून. अनुभव जितका दाहक, तितकी कृती श्रेष्ठ. अनुभव उसना असेल तर कृतीही उसनी, असे एक समीकरण त्यामागे असते. या समीकरणाविषयी मराठीत पुष्कळ वाद झाले आहेत. ते वाद येथे उगाळण्याची इच्छा नाही. आम्हांला एक उदाहरण मांडायचे आहे आणि ते साहित्याबाहेरचे आहे : ऑस्ट्रेलियातील ‘सिल्व्हरचेअर’ या रॉक बँडची कारकीर्द.

साहित्याच्या पानांवर रॉक बँड कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. या बँडविषयी गेल्या तीसेक वर्षांत जे लिहिले गेले, ते आमच्या समीक्षेच्या भाषेशी इतके मिळतेजुळते आहे की त्या आरशात आपलाच चेहरा दिसावा, एवढेच त्याचे उत्तर.

न्यू साउथ वेल्समधील न्यूकॅसल हे कोळशाच्या निर्यातीचे बंदर आणि पोलादाचे शहर. १९१५ साली सुरू झालेला तेथील पोलादाचा कारखाना १९९९ साली बंद झाला. या शहराच्या समुद्रकाठच्या उपनगरात वाढलेली, एकाच शाळेतली तीन मुले म्हणजे डॅनिएल जॉन्स, बेन गिलीज आणि ख्रिस जोआनू. तिघांचाही जन्म १९७९चा. जॉन्स गाणार आणि गिटार वाजवणार, गिलीज ड्रम्सवर, जोआनू बेस गिटारवर. पूर्वी ‘इनोसंट क्रिमिनल्स’ या नावाने ती वाजवीत. १९९४ साली एसबीएस दूरचित्रवाणी आणि ट्रिपल जे या सरकारी नभोवाणी केंद्राने मिळून एक स्पर्धा घेतली. शेकडो प्रवेशिकांतून या मुलांचे ‘टुमॉरो’ हे गाणे निवडले गेले. बक्षीस काय, तर ट्रिपल जेच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण आणि एक चित्रफीत. त्या वर्षाअखेर हे गाणे ऑस्ट्रेलियाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर सहा आठवडे होते. १९९५च्या मार्चमध्ये ‘फ्रॉगस्टॉम्प’ हा पहिला अल्बम आला. तो अवघ्या नऊ दिवसांत ध्वनिमुद्रित झाला होता. तिघेही तेव्हा पंधरा वर्षांचे होते. अमेरिकेत हा अल्बम पहिल्या दहांत पोहोचला आणि तेथे त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. शाळेच्या सुट्ट्यांत, आईवडिलांना बरोबर घेऊन, ही मुले जगभर दौरे करीत होती.

आता समीक्षकांकडे वळू. त्यांनी काय म्हटले? सिअ‍ॅटलच्या ग्रंज संगीताची नक्कल. कर्ट कोबेनचा मृत्यू एप्रिल १९९४चा, ‘टुमॉरो’ त्यानंतर काही महिन्यांतले. हा योग टीकाकारांच्या पथ्यावर पडला. ‘बनानाज इन पजामाज’ या ऑस्ट्रेलियातील बालकार्यक्रमाच्या नावावर कोटी करून या मुलांना ‘पायजम्यातली निर्वाणा’ म्हणण्यात आले. विनोद बरा आहे, पण त्यामागची धारणा तपासण्यासारखी आहे. पंधरा वर्षांच्या, समुद्रावर लाटांशी खेळणाऱ्या, घरचे जेवण जेवणाऱ्या मुलांना दुःख, युद्ध, मृत्यू यांविषयी बोलण्याचा अधिकार काय? त्यांनी ते भोगलेले नाही. सबब ते खोटे.

‘टुमॉरो’च्या आशयाविषयी जॉन्सने सांगितलेली हकिकत या संदर्भात उद्‌बोधक आहे. एक गरीब माणूस एका श्रीमंताला एका हॉटेलातून फिरवून अभावाचे जगणे दाखवतो आणि श्रीमंताला तेथून कधी एकदा सुटतो असे होते. ही कल्पना सुचली ती दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमावरून. म्हणजे अनुभव सरळसरळ उसना. पण त्यात गैर काय? पंधराव्या वर्षी जगाची ओळख होते ती बव्हंशी पडद्यावरून, पुस्तकांतून, दुसऱ्यांच्या गाण्यांतून. ही ओळख हाही एक अनुभवच असतो. त्या वयातला मुलगा बातम्यांतली युद्धे पाहतो आणि अस्वस्थ होतो. त्या अस्वस्थतेला स्वतःचा आवाज अजून नसतो, म्हणून तो जवळचा, मोठा, दमदार आवाज उसना घेतो. ‘फ्रॉगस्टॉम्प’मध्ये आवाज सिअ‍ॅटलचा आहे, हे मान्यच आहे. पण ज्या आवेशाने तो घेतला गेला आहे, तो आवेश कुणाकडून उसना मिळत नाही. ड्रम्सवर बेन गिलीज जे करतो ते नीट ऐकावे. कवितेचे पहिले धडे गिरवणारा कोणता कवी आधीच्या कवीचे वृत्त, त्याची पदरचना, त्याचे शब्द उचलत नाही? अनुकरणाला आम्ही वर्गात ‘प्रभाव’ म्हणतो, आणि कवी मोठा झाला की ‘परंपरा’ म्हणतो.

बँडच्या नावाची गोष्टही येथेच सांगून टाकावी, कारण ती साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या कामाची आहे. सुरुवातीला सांगितले गेले की नभोवाणीला कळवायच्या दोन गाण्यांच्या नावांची सरमिसळ होऊन हे नाव तयार झाले : निर्वाणाचे ‘स्लिव्हर’ आणि यू अ‍ॅम आय या ऑस्ट्रेलियन बँडचे ‘बर्लिन चेअर’. लिहिताना ‘स्लिव्हर’चे ‘सिल्व्हर’ झाले म्हणे. पुढे उघड झाले की नाव सी. एस. लुईस यांच्या ‘द सिल्व्हर चेअर’ या १९५३ सालच्या नार्नियाकथेवरून घेतले होते. म्हणजे नाव मुलांच्या पुस्तकातले, आणि त्यावर पांघरूण घातले ते दोन ‘वजनदार’ बँडांच्या नावांचे. पंधरा वर्षांच्या मुलांना आपण लहान मुलांचे पुस्तक वाचतो हे लपवावेसे वाटले, यात त्या वयाचे जेवढे सत्य आहे तेवढे त्यांच्या त्या वेळच्या एखाद्या गाण्यातही क्वचितच असेल.

वाङ्मयीन कृतीचा शब्दशः अर्थ घेतल्यावर काय होते याचे एक टोकाचे उदाहरणही याच काळात घडले. १९९६ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका खून खटल्यात बचाव पक्षाने ‘फ्रॉगस्टॉम्प’मधल्या ‘इझ्रायल्स सन’ या गाण्याच्या प्रभावाचा मुद्दा पुढे केला. आपले गाणे हिंसेचे समर्थन करीत नाही, असा खुलासा बँडला करावा लागला. मौज पाहा : संगीतसमीक्षक म्हणत होते की या मुलांना काही म्हणायचेच नाही, शब्द पोकळ आहेत, आणि न्यायालयात युक्तिवाद होत होता की तेच शब्द माणसाच्या हातून खून करवितात. दोन्ही पक्षांनी गाणे हे गाणे म्हणून ऐकलेच नाही.

१९९७ साली ‘फ्रीक शो’ आला. जत्रेत विचित्र माणसांचे प्रदर्शन मांडण्याच्या जुन्या धंद्यावरून घेतलेले हे शीर्षक कुणाविषयी आहे हे सांगायला नको. त्या वर्षी शाळेचे शेवटचे वर्ष होते. अल्बम संमिश्र आहे. काही गाणी पहिल्या अल्बमचीच री ओढतात. तंतुवाद्यांचा वापर मात्र येथून सुरू झाला. ‘पेट्रोल अँड क्लोरीन’ या गाण्यात सतार आणि तबला ऐकू येतात, पण त्यावरून आपण फार हुरळून जाण्याचे कारण नाही. साठच्या दशकापासून रॉकवाल्यांची ती नेहमीचीच सहल आहे.

याच सुमारास डॅनिएल जॉन्सचे शरीर आणि मन ढासळू लागले. अन्नाविषयीची भीती वाढत गेली. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ या आजाराने तो इतका कृश झाला की जिवाला धोका उत्पन्न झाला. जोडीला खिन्नता आणि माणसांचे भय होतेच. गावात रस्त्यावर होणारी हेटाळणी, मारहाण यांविषयी त्याने पुढे बोलून दाखवले आहे. शाळा संपल्यावर तो जवळजवळ घरात कोंडून राहिला आणि कविता लिहू लागला. त्या कवितांना मागाहून चाली लावल्या गेल्या. त्यातून १९९९ साली ‘निऑन बॉलरूम’ झाला.

आणि येथे समीक्षेने पवित्रा बदलला. आता हा बँड ‘प्रगल्भ’ झाला, आता शब्दांमागे भोगलेले दुःख आहे, आता हे संगीत ‘खरे’ आहे, असे सर्वत्र लिहिले जाऊ लागले. आमचा आक्षेप नेमका येथे आहे. चार वर्षांपूर्वी ज्या मुलाला ‘तू काही सोसलेले नाहीस’ म्हणून हिणवले, त्यानेच सोसले तेव्हा त्याचे कौतुक झाले. समीक्षकांनी त्याला आजारी पाडले असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. अशा आजाराची कारणे गुंतागुंतीची असतात आणि त्यांचा निवाडा करणे आमच्यासारख्या मराठीच्या मास्तरांचे काम नव्हे. पण समीक्षेच्या बाजारात वेदनेला जो भाव आहे तो तरुण कलावंतांना कळतो, एवढे म्हणण्याचा अधिकार आम्हांला आहे. आमच्या महाविद्यालयांतल्या काव्यवाचनांतही तो कळतो. चांगल्या खात्यापित्या घरातली मुले व्यासपीठावर येऊन राख, चिता आणि रक्त यांच्या गोष्टी करतात, त्याचे कारण त्यांना कुणीतरी सांगितलेले असते की याखेरीज कविता होत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘निऑन बॉलरूम’मधले सर्वांत ‘खरे’ मानले गेलेले गाणे म्हणजे ‘अ‍ॅनाज साँग’. अ‍ॅना म्हणजे कोण? अ‍ॅनोरेक्सिया या शब्दाचेच ते लघुरूप. आजाराला स्त्रीचे नाव देऊन, तिला समोर बसवून, तिच्याशी प्रेम आणि द्वेष यांच्या सीमेवर केलेले हे संभाषण आहे. आमच्या अलंकारशास्त्रात याला चेतनगुणोक्ती म्हणतात आणि शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात त्याची उदाहरणे सापडतात. म्हणजे ज्या गाण्याकडे जिवंत जखम म्हणून बोट दाखवले गेले, ते उभे आहे ते कवितेतल्या अतिशय जुन्या युक्तीवर. आजार हजारोंना होतो. त्याला नाव देऊन त्याच्याशी बोलण्याची कल्पना, ती साध्या सुरावटीत बसवण्याचे कौशल्य आणि नको तेथे गप्प राहण्याचे भान हे वेगळे काही आहे, आणि तेवढेच समीक्षेचे क्षेत्र आहे. ‘इमोशन सिकनेस’ या सुरुवातीच्या गाण्यात डेव्हिड हेल्फगॉट या पियानोवादकाचा पियानो आहे. हेल्फगॉट यांच्या स्वतःच्या मानसिक आजाराची कथा १९९६च्या ‘शाइन’ या चित्रपटामुळे जगाला ठाऊक होती. त्यांची निवड अर्थपूर्ण होतीच. पण ते गाणे टिकले आहे ते दोघांच्या व्यथेच्या बेरजेमुळे नव्हे. संथ तंतुवाद्ये आणि मध्येच उसळणारा पियानो यांतला ताण शेवटपर्यंत सैल होत नाही, म्हणून.

आमच्या मते या बँडची सर्वश्रेष्ठ कृती २००२ सालचा ‘डायोरामा’ ही आहे, आणि अनुभववादी समीक्षेची खरी अडचण तेथेच होते. जॉन्सने गिटार बाजूला ठेवून बरेचसे पियानोवर रचले. ब्रायन विल्सनबरोबर ‘स्माइल’वर काम केलेले व्हॅन डाइक पार्क्स यांनी तीन गाण्यांची वाद्यवृंदरचना केली. डायोरामा म्हणजे काचेच्या पेटीत उभारलेले छोटे जग, वस्तुसंग्रहालयात असते तसे. शीर्षकच सांगते की हे रचलेले आहे, उभारलेले आहे. ‘ट्यूना इन द ब्राइन’ हे गाणे एका सुरावटीवर स्थिरावतच नाही. प्रत्येक वळणावर नवी खोली उघडावी तसे ते पुढे सरकत राहते. आत्मचरित्र शोधणाऱ्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. येथे प्रकाश आहे, रंग आहेत, किंचित खुळी वाटणारी प्रतिमांची उधळण आहे. दुःखाचा दाखला दाखवल्याशिवाय प्रवेश नाही असे सांगणाऱ्या दारातून हा मुलगा बाहेर पडला होता. वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी.

दैवाची क्रूरता अशी की प्रसन्नतेचा हा अल्बम आला आणि जॉन्सला सांध्यांच्या आजाराने घेरले. काठीशिवाय चालणे कठीण, गिटार धरणे कठीण. दौरे रद्द झाले. परदेशात अल्बमला ‘फ्रॉगस्टॉम्प’सारखे यश मिळाले नाही. ऑस्ट्रेलियात मात्र तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि २००२च्या एरिया पुरस्कारांत त्याला घवघवीत यश मिळाले. पुन्हा लेख आले ते आजारावरच. गाण्यांत आजार सापडेना, म्हणून तो गाण्यांबाहेर शोधला गेला.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. २००५च्या जानेवारीत त्सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी सिडनीत झालेल्या ‘वेव्हएड’ कार्यक्रमात तिघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. २००७ साली ‘यंग मॉडर्न’ आला. हे शीर्षक म्हणजे व्हॅन डाइक पार्क्स यांनी जॉन्सला लाडाने दिलेले नाव. वाद्यवृंद प्रागचा, मुख्य गाणे ‘स्ट्रेट लाइन्स’, आणि त्याचे यश प्रचंड. पाचही अल्बम ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेले. असे भाग्य तेथील फार थोड्या बँडांच्या वाट्याला आले आहे. आम्हांला हा अल्बम ‘डायोरामा’पेक्षा चतुर पण कमी खोल वाटतो. २०११च्या मे महिन्यात त्यांनी बेमुदत शीतनिद्रेत जात असल्याचे जाहीर केले. ‘फूट’ हा शब्द टाळला. अशा शीतनिद्रेतून कोणी जागे होत नसते, हे अर्थात सर्वांनाच कळले.

‘बाल’ या उपपदाविषयी मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. १९१८ साली ते गेले तेव्हा ते बालक नव्हते, पण पदवी तीच राहिली आणि आजही त्यांची कविता आपण त्या पदवीच्या चष्म्यातून वाचतो. निरागसता हा तिचा गुण ठरवून टाकल्यावर तिच्यातला अंधार दिसायला समीक्षेला पुष्कळ वेळ लागला. सिल्व्हरचेअरच्या बाबतीत उलटे झाले. वय कोवळे म्हणून अंधार खोटा ठरवला गेला आणि अंधार सिद्ध झाल्यावर मग उजेड कुणाला नकोसा झाला.

आणखी एक अन्याय नोंदवला पाहिजे. या लेखातही आम्ही सतत जॉन्सविषयीच बोलतो आहोत. ‘टुमॉरो’च्या रचनेचे श्रेय जॉन्स आणि गिलीज या दोघांचे आहे. पुढे लेखनाची सूत्रे एकट्या जॉन्सकडे गेली आणि समीक्षेला ते सोयीचे झाले, कारण एक कर्ता, एक मन, एक जखम अशी मांडणी केली की लेख लवकर पुरा होतो. पण रॉक बँड ही सामूहिक कला आहे. नाटकाविषयी लिहिताना केवळ नाटककाराविषयी लिहून नटांना तळटीपेत ढकलावे, तसे हे आहे. २०२१ साली जॉन्सविषयी पाच भागांची एक ध्वनिमालिका प्रसिद्ध झाली. २०२२ साली त्याचा ‘फ्यूचरनेव्हर’ हा एकट्याचा अल्बम ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेला. त्यानंतर २०२३ साली गिलीज आणि जोआनू यांनी मिळून ‘लव्ह अँड पेन’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले. ज्यांना इतकी वर्षे कुणी फारसे विचारले नव्हते त्या दोघांनी अखेर बोलणे, आणि तेही एकाच पुस्तकात दोघांनी मिळून बोलणे, हे आम्हांला त्यांच्या पूर्वीच्या कामाशी सुसंगत वाटते. ताल धरणारे एकमेकांकडे पाहूनच वाजवतात.

आमच्यापैकी काहींचा या मांडणीवर एक प्रामाणिक आक्षेप आहे, तोही नोंदवतो. अनुभवाचा आग्रह सोडला तर उरते ती कारागिरी, आणि कारागिरीची पूजा हीही एक जुनी व्याधी आहे. शिवाय ज्यांचे अनुभव शतकानुशतके साहित्याबाहेर ठेवले गेले त्यांनी अनुभवाच्या बळावरच साहित्याचे दार उघडले, हे विसरून कसे चालेल? ते विसरायचे नाहीच. दलित आत्मकथनांनी अनुभवाचा जो आग्रह धरला तो नाकारलेल्या साक्षीचा होता. तेथे ‘मी हे पाहिले’ या शब्दांना जो अर्थ आहे तो न्यूकॅसलच्या मुलाकडून मागता येत नाही आणि मागूही नये. आमची तक्रार साक्षीविषयी नाही. प्रत्येक तरुण लेखकाकडे दुःखाचा पुरावा मागणाऱ्या सवयीविषयी ती आहे. या दोहोंतली रेघ कोठे ओढायची यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.

ज्या वाचकांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांना एक सूचना. चरित्रक्रमाने जाऊ नका. आधी ‘डायोरामा’ ऐका, तोही सलग, मधली गाणी न गाळता. मग ‘निऑन बॉलरूम’, आणि सर्वांत शेवटी ‘फ्रॉगस्टॉम्प’. ‘टुमॉरो’ लावाल तेव्हा त्याची लांब, सहा मिनिटांहून मोठी मूळ आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. आवाज मोठा ठेवा, शेजाऱ्यांची क्षमा मागून.